वखारीची कच्ची दारं

बीड जिल्ह्यात बंदर होतं असं मी म्हणालो, की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. म्हातारा चळला असं त्याला वाटतं. माणूस सभ्य असेल तर बोलून दाखवत नाही. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी तो नुसता ऐकला आणि सोडून दिला. पण बंदर होतं. गोदावरीच्या काठी, चकलांब्याहून सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या भाकरीपर्यंत पोचावं इतक्या अंतरावर. नावाडी त्याला बंदर म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. दगडी धक्का होता, चार मोठ्या नावा होत्या आणि धक्क्याला लागून काळ्या दगडाची एक वखार होती. त्या वखारीचा मी एकतीस वर्षं राखणदार होतो.

काळ निजामीचा. जालन्याला आगगाडी आलेली होती, आणि गंगेच्या अलीकडे, म्हणजे आमच्या काठाला, काहीच आलेलं नव्हतं. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, कुणी दुरुस्त करू नये.) धारूरच्या डोंगरातला डिंक, नेकनूरकडची ज्वारी, आसपासचा कापूस, करडई, जवस, सगळं गाड्यांनी आमच्या काठाला यायचं, नावेनं पलीकडे जायचं आणि तिथून पुन्हा गाड्यांनी आगगाडीपर्यंत. येताना मीठ, रॉकेलचे डबे, खारीक-खोबरं आणि लोखंड यायचं. नाव भरेपर्यंत किंवा पाण्याचा जोर ओसरेपर्यंत या मालानं थांबायचं कुठं, तर वखारीत. आगगाडी चुकलेल्या पाहुण्याला जसं घरात ठेवून घेतात तसा आम्ही माल ठेवून घ्यायचो.

या ‘बंदर’ शब्दानं एकदा मोठी मजा केली. सरकारी कागद सगळे उर्दूत चालायचे. आमच्या मालकांनी कसलासा अर्ज केला होता, त्यात ‘बंदराची वखार’ असं लिहिलेलं. कुणा कारकुनानं ते उर्दूत उतरवलं, ‘बंदर का गोदाम’. महिन्याभरानं एक नवे अंमलदार घोड्यावरून आले. वखारीला एक चक्कर मारली, आत डोकावले, माळवदाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “कहाँ हैं बंदर? और इतने बंदर जमा करके रखते कायकू?” रखमाजी नावाडी शेजारी उभा होता. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, आमी चारच हाव. बाकीचे जेवाया गेलेत.” घोटाळा कळल्यावर अंमलदार इतके हसले की त्यांना घोड्यावरून उतरून ओट्यावर बसावं लागलं. माणूस दिलदार होता. जाताना रखमाजीला विडी देऊन गेला.

आता राखणदाराचं काम काय, हे सांगतो. लोकांना वाटतं कुलूप लावायचं आणि काढायचं. कुलूप तर आमचं नावालाच होतं. खरं काम हाताचं, नाकाचं आणि कानाचं. कापसाचा बोजा आला की त्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली तर कापूस ओला, तो थप्पीत घेतला तर आतल्या आत तापत जाऊन एक दिवस पेटतो. ज्वारीच्या पोत्याला नाक लावायचं. थप्पी रचताना खाली तुराट्या आणि कडुलिंबाचा पाला, आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडायची, कारण भिंतीला पाठ लावून बसलेला माल आणि पारावर बसलेला माणूस, दोन्ही नासतात. कान मी एका गिऱ्हाइकाकडून शिकलो. नेकनूरचे बाजीराव म्हणून एक शेतकरी होते. बियाण्याची ज्वारी ठेवायचे आणि दर आठवड्याला येऊन पोत्याला कान लावून डोळे मिटून बसायचे. हमाल हसायचे. मी एकदा विचारलं, “पाव्हणं, काय म्हणती ज्वारी?” ते म्हणाले, “ज्वारी गप हाय. किडा बोलतोय.” मी कान लावला. खरंच, बारीक, कुरकुर असा आवाज. पोतं उन्हात ओतलं तर निम्मं पोखरलेलं. त्या दिवसापासून मीही पोत्यांना कान लावू लागलो आणि हमाल माझ्यावर हसू लागले.

पण मला सांगायचं आहे ते मालाबद्दल नाही, वखारीबद्दल. ती कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मालक शिवाप्पा, बीडच्या पेठेतले लिंगायत व्यापारी, सांगायचे की त्यांच्या आजोबांनी ती घेतली तेव्हाही ती जुनीच होती. भिंती अडीच हात जाड. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड आणि मध्ये माती-खडीचं पोट. आत सागाचे बारा खांब, वर तुळया, आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात बाहेर पाय भाजायचे आणि आत आलं की अंगावरचा घाम वाळायचा. डिंक, जवस, जुनं सागवान आणि दगडाचा थंडावा यांचा मिळून एक वास होता. तो वास मला अजून कधीतरी येतो, भलत्याच ठिकाणी, आणि मग मी थोडा वेळ कुणाच्या कामाचा राहत नाही.

आत शिरलं की दोन बाजूंना छातीएवढे उंच दगडी ओटे. माल सगळा ओट्यांवर. दरवाजाचा उंबराही ओट्यांच्याच उंचीचा, म्हणजे गाडी लावली की पोतं सरळ आत. आणि दोन ओट्यांच्या मध्ये, खाली, गाडीच्या रुंदीची एक बोळ. ही बोळ नदीकडच्या भिंतीपासून गावाकडच्या भिंतीपर्यंत सरळ गेलेली. तिच्या दोन्ही टोकांना भिंतीत एकेक कमान होती, आणि कमानी दगडांनी बुजवलेल्या. चुन्यात नाही, नुसत्या मातीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की एवढी देखणी इमारत बांधली आणि शेवटी चुना संपला. या दोन बुजवलेल्या कमानींना आम्ही कच्ची दारं म्हणायचो.

त्या दारांचा मालक एकच, लतीफचाचा. धारूरचे गवंडी. त्यांच्या घराण्यानं किल्ल्याची डागडुजी केलेली, त्यामुळे ते दगडाला नावानं ओळखतात असं लोक म्हणायचे. उंच, वाकलेले, दाढी मेंदीनं लाल. दरसाल मृगाच्या आधी पंधरा दिवस ते गाढवावर अवजारं टाकून यायचे, दोन्ही कमानींचे दगड काढायचे, जुनी माती खरवडायचे आणि नव्या मातीत तेच दगड पुन्हा बसवायचे. माती कशी, तर नदीचीच, गाळाची. तिच्यात ना भुसा, ना शेण, ना चुना. काम संपलं की थापीच्या दांड्यानं भिंतीवर तीनदा ठोकायचे आणि म्हणायचे, “गंगाबाई, रास्ता तेरा.” मग आमच्या घरी जेवायचे. माझी बायको सारजा त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी करायची, ती त्यांना आवडायची. मजुरीत ते वर्षाचा शिधा न्यायचे, ज्वारी आणि गूळ.

मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, “चाचा, चुन्यात का न्हाई बसवत? दरसालचं झेंगट जाईल.” ते म्हणाले, “नागू, ये दरवाजा आहे. दरवाज्याला कुणी चुना लावतं का?” मग समजावून सांगितलं. पूर आला की पाणी वखारीला चारी बाजूंनी वेढतं. आत कोरडं आणि बाहेर पाणी, म्हणजे सगळा भार भिंतीवर. पण मातीत बसवलेली ही दारं पाण्यानं विरघळतात, दगड ढासळतात, गंगा बोळीतून आत येते आणि गावाकडच्या दारानं निघून जाते. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी दोन्हीकडून भिंतीला धरून ठेवतात. माल ओट्यांवर कोरडा राहतो. पाणी उतरलं की दगड गोळा करायचे आणि पुन्हा बसवायचे. “बाकी सारी वखार टिकण्यासाठी बांधली,” चाचा म्हणाले. “हे दोन दरवाजे फुटण्यासाठी.”

मला ते कळलं. आज खोटं बोलत नाही, तेव्हाच कळलं होतं. पण पुढची बरीच वर्षं गंगा वखारीपर्यंत आलीच नाही, आणि न वापरलेली अक्कल गंजते.

एका साली जालन्याकडचे एक व्यापारी वखार बघायला आले. कोट, काठी, अत्तर. सगळं हिंडून झाल्यावर त्यांनी काठीच्या टोकानं कच्च्या दारातली माती उकरली. ती भसकन् खाली पडली, आणि मागून एक उंदीर निघून त्यांच्या जोड्यावरून गेला. ते म्हणाले, “राखणदार, ही वखार आहे का उंदराचं बीळ?” आणि हमालांसमोर हसले, हमाल आणि रखमाजीही हसले. मला असं झालं की धरणी दुभंगावी. एवढी वर्षं मी ती वखार स्वतःच्या घरासारखी झाडली होती. त्यात त्या वर्षी कापूस अफाट आला होता, ओटे भरून वाहत होते, आणि मधली बोळ मोकळी ठेवायची म्हणजे मला माजघर रिकामं ठेवून पाहुण्यांना अंगणात झोपवल्यासारखं वाटू लागलं.

त्या साली चाचा वेळेवर आले नाहीत. मृग आठ दिवसांवर आला तरी नाहीत. मी मालकांकडे माणूस पाठवून विचारलं, दारं पक्की करून बोळीत माल लावू का. शिवाप्पांचा निरोप आला, तुला ठीक वाटेल ते कर. मला ठीक वाटलं. मी गावातला गवंडी बोलावला, चुना बैलाच्या घाणीत मळून घेतला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घातला, आणि दोन्ही कमानी चुन्यात बसवून घेतल्या. दगडांमधल्या दरजा अशा बेमालूम भरल्या की कमान कुठं होती ते मलाही हात लावून शोधावं लागलं. मग बोळीत तुराट्या पसरून कापसाची थप्पी लावली. तीन दिवस मी त्या भिंतीकडे बघत हिंडत होतो.

आणि चौथ्या दिवशी चाचा आले. तापानं निजून होते, चेहरा उतरलेला, तरी गाढवासोबत चालत आले होते. मी मोठ्या हौसेनं त्यांना भिंत दाखवायला नेलं. त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला, वरून खाली, आणि नखानं एक दरज खरवडून पाहिली. मग म्हणाले, “काम अच्छा आहे. पण नागू, तू दरवाज्याची भिंत केली. बाई आली तर जाईल कुठून?”

“येत न्हाई आता, चाचा. किती वर्सं झाली.”

“ती तुला विचारून येते? चुना अजून ओला आहे. आज मेरेकू तोडू दे. उद्या नाही तुटणार.”

हमाल उभे होते. रखमाजी उभा होता. उंदराच्या दिवशी हसलेली तीच तोंडं. मी म्हणालो, “चाचा, तुमचा दरसालचा शिधा बुडाला म्हणून तुमाला बाईची वाट आठवली.”

हे वाक्य मी बोललो. कुणी मला बोलायला लावलं नाही, दारू प्यालेलो नव्हतो, रागातही फारसा नव्हतो. चाचांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं “हौ” म्हणाले. हौ म्हणजे होय. ते प्रत्येक गोष्टीला हौ म्हणायचे, पण असं कधी म्हणाले नव्हते. गाढवाची दोरी सोडली आणि निघाले. सारजानं भाकऱ्या टाकल्या होत्या, ती दारापर्यंत पळत गेली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता गेले. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. चकलांब्याला एका विहिरीचं काम त्यांना मिळालं, तिथंच ते राहिले, असं नंतर कळलं.

भाद्रपदात गंगा आली. पहाटेपासून पाणी चढत होतं आणि दिवस उजाडला तेव्हा धक्का दिसेनासा झाला होता. वखारीला चारी बाजूंनी पाणी. दरवाजाकडच्या उतरणीवरून तेवढं कमरेएवढ्या पाण्यातून दोर धरून जाता येत होतं. आम्ही आत गेलो. बाहेर पाणी छातीला लागत होतं आणि आत, बोळीत, थेंब नव्हता. सांगायची लाज वाटते, पण त्या सकाळी मी खुशीत होतो. हमालांना म्हणालो, “बघा बे, हिला म्हणत्यात काम.” रखमाजी भिंतीजवळ गेला, त्यानं दगडाला कान लावला, बाजीराव पोत्याला लावायचे तसा. म्हणाला, “नागोराव, हिकडं या. भिंत बोलतीया.”

मी कान लावला. आतून, पोटातून, खडी सरकल्याचा आवाज येत होता. मागं सरून बघितलं तर नदीकडची भिंत मध्यावर पोट काढून उभी होती. मी पहार घेतली, कापसाचे बोजे बाजूला सारले आणि गावाकडच्या कमानीवर घाव घालू लागलो. ठिणग्या उडत होत्या, चुना हलत नव्हता. गूळ मीच घातलेला, बेलफळं मीच वेचून आणलेली.

तेवढ्यात दरवाजात लतीफचाचा उभे दिसले, ओलेचिंब, धोतर खोचलेलं, हातात स्वतःची पहार. वरच्या अंगाला पाणी वाढतंय हे चकलांब्याला आदल्या दिवशी कळलं होतं आणि ते तसेच निघाले होते. हमालांना म्हणाले, “कपास राहू दे, तुम्ही सगळे बाहेर.” मग ओट्याच्या कडेवर पालथे पडून खाली वाकले आणि कमानीच्या दगडांवरून बोटं फिरवली. ते दगड त्यांनी कितीदा बसवले होते, चुन्याखालूनही त्यांना ओळखू आले असणार. एका जागी बोट ठेवून म्हणाले, “नागू, इथं.” मी घाव घातला. दहाव्या-बाराव्या घावाला दगड हलला. फटीतून पाण्याची धार आली. चाचांनी पहारेचं टोक फटीत घालून उजव्या हातानं दगड ओढला, आणि बाहेरच्या पाण्यानं तो दगड एकदम आत लोटला. त्यांचा हात दगड आणि ओट्याच्या मध्ये सापडला.

मी दगड पहारेनं उचलला, त्यांना ओढून वर घेतलं, आणि खाली बोळीतून पाणी घोंगावत आत भरू लागलं. कापूस तरंगू लागला. त्यांना पाठीवर घेऊन मी दोर धरून काठाला आलो. पाठीमागे मोठा आवाज झाला. नदीकडच्या भिंतीचा पूर्वेचा अर्धा भाग गेला होता, आणि सहा खांबांवरचं माळवद त्याच्याबरोबर. उरलेला अर्धा भाग उभा राहिला. माणूस एकही गेला नाही.

चाचांना घरी आणलं. वैदूनं हात बांधला आणि मला बाजूला घेऊन मान हलवली. चार बोटांचा चुरा झाला होता. गवंड्याचा उजवा हात. मी ओसरीवर खाली मान घालून बसलो. चाचांनी सारजाला हाक मारली. “बेटी, त्या दिवशीची भाकरी राहिली आहे. आज वाढ.” तिनं ताट आणलं. ते उजव्या हातानं जेवू शकत नव्हते आणि डाव्या हातानं जेवणार नव्हते. मी ताटासमोर बसलो, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला. असं पूर्ण जेवण झालं. माफीचा शब्द मला काही बोलता आला नाही. आजही ते आठवलं की मला स्वतःची चीड येते. वाईट बोलायला मला क्षण लागला नव्हता.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी चाचा पुन्हा आले. गाढव होतं, अवजारं होती. मला म्हणाले, “चल, अब तू लाव.” मालकांनी नदीकडची पडकी बाजू नव्यानं बांधून घेतली होती, माळवद मात्र पुन्हा घातलं नाही. दोन्ही कमानी मोकळ्या ठेवल्या होत्या. चाचा ओट्यावर बसले आणि मी मातीत हात घातला. पोत्यात हात घालणाऱ्या माणसाला दगड बसवणं सोपं नाही. कधी माती घट्ट व्हायची, कधी पातळ. मजबूत बसवण्याची सवय साऱ्या जगाला. एक दगड दुसऱ्याला पडू देईल असा बसवायचा, हे हाताला पटतच नाही. चाचा डाव्या हातानं दगड ढकलून बघायचे आणि म्हणायचे, “ये नहीं फुटेगा. काढ.” तिसऱ्या साली त्यांनी काढायला सांगितलं नाही. मी विचारलं, “जमलं का, चाचा?”

“फुटल्यावर सांगतो,” ते म्हणाले.

असं अकरा वर्षं चाललं. दरसाल ते यायचे, मी दगड लावायचो, ते ठोकून “गंगाबाई, रास्ता तेरा” म्हणायचे, सारजा अंबाडीची भाजी करायची. शिधा मी माझ्या घरातून द्यायचो, ते हसून घ्यायचे. दरसाल मी विचारायचो, जमलं का. दरसाल तेच उत्तर. आणि गंगा तर अशी रुसली, की त्या अकरा वर्षांत एकदाही धक्क्याच्या वर आली नाही. लोक पूर येऊ नये म्हणून देवाला नारळ बोलतात. मी एकटाच असेन, जो भाद्रपदात काठावर जाऊन पाण्याची वाट बघायचा.

बाराव्या वर्षी ते आले नाहीत. मी मृग निघेपर्यंत थांबलो. मग धारूरहून आलेल्या एका डिंकवाल्यानं सांगितलं की लतीफ गवंडी उन्हाळ्यात गेला. मी त्या दिवशी वखारीत जाऊन बसलो. दारं लावली, ठोकली, चाचांचे शब्द म्हटले. माझ्या तोंडी ते बरे वाटले नाहीत.

पुढे वरच्या अंगाला पूल झाला. माल पुलावरून मोटारीनं जाऊ लागला, नावा उन्हात पडून फुटल्या, रखमाजी गेला, सारजा गेली. निजामीही गेली. शिवाप्पांच्या मुलांना वखारीचं काही नाही. बारातले सहा खांब आणि त्यांवरचं माळवद अजून उभं आहे, आत शेळ्या बसतात. ठेवायला काही नाही, राखायला काही नाही, आणि तरी दरसाल मृगाच्या आधी मी दोन्ही दारं काढतो आणि नव्या मातीत बसवतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलंय. मी कुणाचं खातो का?

गेल्या भाद्रपदात गंगा आली. मी काठी टेकत देवळाच्या टेकाडावर जाऊन उभा राहिलो. सारं गाव तिथं होतं. पाणी धक्क्यावरून चढलं, नदीकडच्या भिंतीला लागलं, वर वर येत गेलं. नदीकडचं दार मला तिथून दिसत नव्हतं. मी गावाकडच्या दारावर डोळे लावून होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग मातीची एक लालसर रेघ दगडांमधून खाली ओघळली. एक दगड हलला. दुसरा हलला. आणि सगळं दार बाहेर ढासळलं, आणि त्यातून, माझ्या हातानं लावलेल्या दारातून, गंगा सरळ, मोकळी, बाहेर आली. भिंती जागच्या जागी होत्या.

चाचा नेहमी माझ्या डाव्या बाजूला उभे राहायचे. मी तिकडे वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, “चाचा, फुटलं.”

डाव्या बाजूला गावातला एक तरणा शेतकरी उभा होता. माझे डोळे वाहत होते ते त्यानं पाहिलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “बाबा, जिवाला लावून घेऊ नगा. परत बांधता येतंय की.”

मी म्हणालो, “हौ.”